तेरा छात्या, तेरा पाठी

३० जुलै २००६, रविवार

गोदामातली सगळी पोती आज उपसली. तेरा छात्या निघाल्या, तेरा पाठी निघाल्या, आणि एकीचंही दुसरीशी पटेना.

छात्या-पाठी म्हणजे चिलखताच्या. ह्यांनी फायबरच्या केलेल्या, वरून पितळी रंग दिलेल्या. पुढचा भाग ती छाती, मागचा ती पाठ. खांद्यावर आणि बगलेखाली पट्टे लावले की माणूस सरदार. शाळांची गॅदरिंग, गणपतीतले जिवंत देखावे, हौशी नाटकं, सगळीकडे आमच्या 'सीताराम ड्रेपरी'चे पोशाख भाड्याने जायचे. हे गेले त्याला दीड वर्ष झालं. अंगरखे, धोतरं, पगड्या मी अजून देते. चिलखतांना मात्र हात लावला नव्हता.

गुरुवारी निकिता नावाची मुलगी आली. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत आहे. एकोणीस तारखेला त्यांच्या कंपनीला दहा वर्षं होतात, म्हणून स्टेजवर लढाई करणार आहेत. "काकू, बारा सरदार पाहिजेत. एकदम ऑथेंटिक." मी हो म्हटलं. पोत्यात काय आहे ते न बघता म्हटलं.

शुभंकरला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आई, गोदामवाल्याला जागा पाहिजे आहे, मी त्याला ऑगस्टअखेर सांगून बसलोय, आणि तू नवीन ऑर्डर घेतेस?" मला राग आला. म्हटलं, "बारा जोड उभे नाही केले तर किल्ली तुझ्या हातात देते. विक सगळं भंगारात." तो म्हणाला, "ओके." हा मुलगा ओके म्हणतो तेव्हा फोनवरसुद्धा बापासारखा दिसतो.

ही डायरी त्याच्याच कंपनीची. जानेवारीपासून कोरी पडली होती. प्रत्येक पानावर इंग्रजीत एक सुविचार. आजचा डिक्शनरी घेऊन लावला: यशाला जवळचा रस्ता नसतो. ज्याने छापलं त्याला बोलवा आणि ह्या छात्या लावायला बसवा.

१ ऑगस्ट, मंगळवार

संपतला बोलावलं. ह्यांच्याबरोबर तीस वर्षं रंगकाम केलेला माणूस. दोघांच्या वयात पाच-सहा वर्षांचं अंतर, पण ह्यांना दादा म्हणायचा आणि मला वहिनी. त्याला मध्ये उभं केलं आणि एकेक छाती-पाठ अंगाला लावून पाहिली.

एक जोड बगलेखाली चार बोटं उघडा. दुसऱ्याची पाठ छातीवर चढून बसते, डब्याचं चुकीचं झाकण दाबून लावावं तशी. तिसऱ्याचे खांदेच जुळत नाहीत. दुपारपर्यंत संपत घामाने निथळला आणि मी त्याला तीनदा 'सरळ उभा राहा' म्हणून ओरडले.

"वहिनी, मी सरळच आहे. चिलखत वाकडं आहे."

खरंच वाकडं आहे. प्रत्येक छातीला डाव्या खांद्याखाली एक टेंगूळ. तेराच्या तेरा छात्यांना. म्हणजे साच्यातच खोट. एकदा चूक झाली तर समजू शकते, पण इतकी वर्षं तीच चूक ओतत बसायची? आणि कुठेही नंबर नाही. एक ते तेरा आकडे घालायला काय होत होतं ह्यांना? माणूस जातो तेव्हा मागे राहिलेल्यांना निदान झाकणं कुठली आणि डबे कुठले एवढं तरी कळावं.

मी हे संपतसमोर बोलले. तो टेंगळावरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "चहा मिळेल का?"

३ ऑगस्ट, गुरुवार

नवीनच पाठी कराव्यात म्हणून रेझिन आणलं. डब्यावरचं इंग्रजी अक्षर लावून लावून वाचलं, सांगितलं तसंच मिसळलं. सकाळी लावलेला हात संध्याकाळी काकवीसारखा चिकट. संपत म्हणतो, "असल्या दमट हवेत धरत नाही. दादा सगळं उन्हाळ्यात उरकायचे." हे आणण्याच्या आधी सांगितलं असतं तर मी काही रागावले नसते. आणल्यावर सांगितलं म्हणून रागावले.

म्हणजे आहेत त्याच तेरांतून बारा.

पट्टेही कुजलेत. संपत म्हणाला, "तुम्हीच शिवा ना मशीनवर." मी नाही म्हटलं. मशीनवर झाकण घातलंय त्याला दोन वर्षं होतील. ह्यांचे शर्ट जन्मभर मी शिवले, चाळीसची छाती, माप वहीत बघावं लागायचं नाही. शेवटी शेवटी म्हणायला लागले, शिवण सैल पडते तुझी, डोळे गेले. एकच शर्ट दोनदा आत घेऊन दिला. दुसऱ्यांदा दिल्यावर मी मशीनच मिटवलं. ज्या हाताचा भरवसा नाही त्या हाताने लोकांचं कापड कशाला बिघडवायचं? पट्टे बाहेरून करून घ्यायचे.

६ ऑगस्ट, रविवार

मी मंडईत गेले होते. दीड तास. तेवढ्यात संपतने एका पाठीवर करवतीचं पातं चालवलं.

"कडेने जरा घासली की बसेल असं वाटलं."

कडेने घासली ती वरपासून खालपर्यंत तडकली. मधोमध दोन तुकडे. मी पिशवी खाली टाकली, टोमॅटो सगळे घरंगळले. काय काय बोलले ते लिहीत नाही.

"वहिनी, दादा मांडवावरून पडले तेव्हासुद्धा तुम्ही एवढं बोलला नव्हता."

"तेव्हा त्यांचं हाड मोडलं होतं, संपत. दुसऱ्याचं काम मोडलं नव्हतं."

तेही हाड नीट जुळलं नाहीच. डावं. डॉक्टरने सहा आठवडे हात गळ्यात बांधायला सांगितला आणि हे तिसऱ्या आठवड्यात शिडीवर. त्या खांद्यावर नंतर पिशवी म्हणून कधी अडकवता आली नाही.

आता तेरा छात्या, बारा पाठी. बारा सरदार. एकही चुकून चालणार नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

अंगभर खाज. कापलेल्या फायबरची काच कपड्यांत बसली आहे, दोनदा धुऊन निघत नाही. म्हणून तर हे शेवटच्या दीड-दोन वर्षांत भर उन्हाळ्यात दोन-दोन बनियन आणि वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून असायचे. अंघोळ झाली की आतूनच सगळं घालून बाहेर. दाढीही वाढवली. विचारलं तर, काच टोचते. मी ते ढीगभर कपडे धुताना बडबडायचे. आज वाटलं, बिचारे खरंच सांगत होते.

निकिताचा फोन. "काकू, टेन्शन नका घेऊ, नाहीच झालं तर थर्माकोलचं पण चालेल."

मी म्हटलं, "मग लढाई कशाला? वाढदिवस करा."

१० ऑगस्ट, गुरुवार

गाढव मी आहे. आधी ते लिहून टाकते.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, मग पेठेतल्या वाचनालयात. हे म्हणायचे, हिला कागद दिसला की गिऱ्हाईक दिसत नाही. आज कंटाळून एका छातीला टेकून बसले होते. फायबर आतून अंगाला टोचू नये म्हणून हे शेवटचा हात वर्तमानपत्राच्या कागदांचा द्यायचे, रेझिनमध्ये भिजवून. मी उगाच वाचायला लागले. एक छोटी जाहिरात होती: "हरवला आहे. हिरवा पोपट, 'आलो आलो' म्हणतो, डाव्या पायाला." पुढे कागद फाटलेला. डाव्या पायाला काय? मला राहवेना. दुसऱ्या छात्यांत शोधलं, नाही. मग पाठींत शोधलं. चौथ्या पाठीत सापडलं: "तांब्याची कडी. आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस."

छाती आणि पाठ एकमेकींना लावल्या. खांदे बसले. बगला बसल्या. मध्ये कागदसुद्धा जाईना.

जोडाच्या दोन्ही भागांना एकाच दिवसाचा पेपर. हाताशी जो असेल तो फाडून दोन्हीकडे लावलेला.

मी संपतला ओरडून बोलावलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "हो, आणि कागदावर पेन्सिलीने नंबर असायचे की."

"कुठे आहेत नंबर?"

"तुम्हीच घासलेत, वहिनी. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी. साबण आणि काथ्या घेऊन. मी म्हटलं राहू द्या, तर माझ्या अंगावर धावलात. छात्या एका पोत्यात भरल्यात, पाठी दुसऱ्या पोत्यात. वाट्यांत वाट्या घालतात तशा."

आठवलं. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं तेव्हा. घरातली भांडी घासून संपली होती.

दहा दिवस मी ह्यांना बोल लावतेय.

१२ ऑगस्ट, शनिवार

नऊ जोड लागले. चष्मा, बॅटरी आणि भिंग घेऊन बसते. शब्दकोडं छातीत आणि त्याचं उत्तर पाठीत. अळूच्या वड्यांची कृती छातीत सुरू होते, तळायचं पाठीवर. एका लग्नाच्या जाहिरातीत मुलगा छातीत आणि अपेक्षा पाठीत. इतकं लक्ष देऊन मी वाचनालयाचं पुस्तकही वाचत नाही.

शुभंकर आणि नम्रता कोथरूडहून आले. सून हुशार आहे, म्हणाली, "आई, प्रत्येकाला स्टिकर लावू, परत मिक्स व्हायला नको." शुभंकर पोट सावरत पोत्यावर बसला. मी म्हटलं, वजन वाढलं तुझं. नम्रता हसली, "रोज बघतो त्याला कळत नाही, तुम्हाला कळलं."

ते गेल्यावर ते वाक्य घरातच राहिलं. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, वजन कधीपासून उतरतंय? मी म्हटलं, उतरलेलं नाही. डॉक्टरांनी मान वर केली. नुसतं बघितलं. आजही मी कुणाच्या नजरेला नजर देताना ती नजर आधी आठवते.

१३ ऑगस्ट, रविवार

बाराही जोड लागले. एक छाती बिनापाठीची उरली, संपतच्या कृपेने.

निकिताला कुठला जोड कोणाला ते सांगायचं म्हणून आतून टेप लावून मापं घेतली. पेपरवरच्या तारखाही मिळाल्या. आता हा कारभार बघा. २००१ चे जोड चाळीस इंच. २००२ चे चाळीस. २००३ चे अडतीस. २००४ च्या मे महिन्यातले छत्तीस. आणि सगळ्यात शेवटचा, सप्टेंबर २००४ चा एकच जोड, चौतीस!

ही काय पद्धत झाली? दर वर्षी साचा बदलायचा आणि दर वेळी लहान करायचा? कापड चोरणाऱ्या शिंप्यासारखं. रेझिन वाचवत असतील. चौतीसच्या छातीचा सरदार कुठल्या लढाईत गेला होता? मी संपतला विचारलं, साचे कोण करून द्यायचं? एवढा अडाणी मूर्तिकार कोण?

संपत म्हणाला, "वहिनी, रंग सुकायच्या आत दुसरा हात मारायला पाहिजे." आणि तोंड फिरवून ब्रश चालवत राहिला. रंग कालच सुकला होता.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी म्हणून निकिता सगळ्या सरदारांना घेऊन आली. अकरा मुलगे आणि ती. गोदामात पाय ठेवायला जागा नाही. फोटो, हसणं, तलवारी. एकाने विचारलं, "काकू, ह्यात मोबाईल कुठे ठेवायचा?" मी म्हटलं, "म्यानात."

अकरा जणांना अकरा जोड बसले. चौतीसचा कोणालाच होईना. शेवटी निकितानेच अंगाला लावला. बरोबर बसला.

"काकू, हा मस्त आहे. फक्त इथे डावीकडे काहीतरी उंचवटा आहे."

"माझ्यात पण आहे," दुसरा म्हणाला.

"सगळ्यांत आहे," मी म्हटलं. "साच्यातली खोट."

निकिताने त्यावर तळवा ठेवला. "कोणाच्या मापाचं केलं होतं हे?"

मी म्हटलं, "देव जाणे." त्याच वेळी मागून संपत म्हणाला, "दादांच्या."

पोरं गेली. मी कुलूप लावलं नाही. त्याला समोर बसवलं.

"नीट सांग."

"साचा अंगावरच घ्यायचो वहिनी. मूर्तिकार कुठला आणणार? दादा बनियन काढून उभे राहायचे, मी तेलाचा हात फिरवून प्लास्टरच्या पट्ट्या लावायचो. दर मोसमाला नवा. जुना साचा तडकायचा."

"शेवटचा कधी?"

"ते त्या वर्षीचे गणपती गेल्यावर. वाळायला दिवे लावले होते."

"तुझ्या हाताखाली फासळ्या लागल्या असतील."

तो हातावरचा सुकलेला रंग खरवडत राहिला.

"संपत, तुला माहीत होतं."

"शपथ घातली होती. म्हणाले, हा मोसम होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. त्याच्या आदल्या वर्षीही हेच म्हणाले होते. घरी कळलं तर ती गोदामाला कुलूप घालेल म्हणाले."

"घातलंच असतं!"

"तेच ना," संपत म्हणाला, आणि रडायला लागला. साठीचा माणूस. मी त्याला पाणी दिलं नाही. मग दिलं.

१६ ऑगस्ट, बुधवार

काही केलं नाही. वाचलंही नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

पट्टेवाल्याने नेहमीप्रमाणे दगा दिला. म्हणे कारागीर गावी गेला. परवा कार्यक्रम.

संपत सकाळी दारात उभा, आत यायला घाबरत. म्हटलं, "उभा काय राहतोस, मशीन उचलायला हात लाव."

झाकण काढलं. तेल घातलं. पहिले दोन दोरे तुटले, सुई बदलली, मग चाललं. बारा जोडांचे अठ्ठेचाळीस पट्टे जाड कॅनव्हासचे, दुहेरी शिवणीचे. प्रत्येक पट्टा मी दोन्ही हातांनी ओढून बघितला. मग संपतला ओढायला लावला. एकही उसवला नाही.

चौतीसच्या जोडाला आतून, डाव्या खांद्यापाशी, मऊ फ्लॅनेलची गादी शिवून चिकटवली. त्या मुलीला टोचायला नको.

२० ऑगस्ट, रविवार

काल कार्यक्रम झाला. शुभंकर आम्हाला गाडीतून घेऊन गेला. काचेची इमारत, आत थंडी, आणि स्टेजवर माझे बारा सरदार. एक जण तलवारीसकट आपटला, पण चिलखत जागचं हललं नाही. संपत माझ्या कानाशी म्हणाला, "पट्टा बघा, वहिनी, पट्टा." निकिता सगळ्यात पुढे होती. पूर्ण लढाईभर मी तिच्याच छातीकडे बघत होते. ओरडताना, धावताना श्वास भरायची तेव्हा चौतीस इंच वर-खाली व्हायचे.

आज सगळे जोड परत आले, नम्रताच्या स्टिकरसकट. ते ठेवायला शुभंकर गोदामात आला. बिनापाठीची छाती कोपऱ्यात होती. २००१ ची, चाळीसची. त्याने गंमत म्हणून अंगाला लावली आणि नुसती बसली नाही, चिकटली. त्याचा हात डावीकडे गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

"आई, हे बाबांचं हाड आहे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी कळलं."

त्याने छाती हळूच काढली आणि पोत्यात न घालता खुंटीला टांगली. किल्ली मी टेबलावर ठेवली होती, शब्द पाळला असला तरी त्याच्या समोर असावी म्हणून. तो उठला, किल्ली उचलली, बाहेरच्या कुलपाला दोन थेंब तेल घातलं, फिरवून बघितलं आणि मला परत दिली. म्हणाला, "गोदामवाल्याशी मी बोलतो. नाहीच ऐकलं तर आमच्या पार्किंगशेजारी एक खोली आहे." बापासारखंच, मूळ गोष्टीचं नाव न घेता बोलतो.

तो गेल्यावर ट्रंकेतून तो शर्ट काढला. २००३ च्या दिवाळीचा, निळ्या रेघांचा. दोनदा आत घेतलेला. उलटा करून खिडकीशी धरला. कडेला जुन्या शिवणीची भोकं अजून दिसतात, दोन ओळी. पहिल्यांदा दोन इंच, दुसऱ्यांदा दोन. टेप लावून, खडूने खूण करून मीच घेतले होते. हे समोर उभे होते, हात वर करून, दोन बनियन घालून, आणि म्हणत होते, अजून थोडा घे.

चार इंच. एवढी सैल शिवण माझी जन्मात कधी पडली नव्हती.